चांगुणाचा इंग्रजी अर्ज

मी, चांगुणा मुंजाजी खिल्लारे, वय १९ वर्षे, धंदा दुष्काळी कामावर मजुरी, शिक्षण मॅट्रिक पास, राहणार साखरा, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, आज दिनांक १४ मे १९७३ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझी चुलती रुक्माबाई ही ९ मार्च रोजी तलावाच्या कामावर मातीची दरड अंगावर पडून मयत झाली. हजेरीपटावर मात्र त्या दिवशी ती गैरहजर असल्याची नोंद आहे. ती कामावर आलीच नव्हती, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही मराठीत दोन अर्ज दिले. उत्तर आले नाही. म्हणून मी कलेक्टर साहेबांना इंग्रजीत अर्ज केला.

सदर अर्ज माझे शाळेतील इंग्रजीचे गुरुजी अमृतराव यांनी लिहून दिला, असे तलावाच्या कामावरील मुकादमाचे म्हणणे आहे. ते खोटे आहे. यावरून गुरुजींची नोकरी जाईल, असेही मला सांगण्यात आले.

मी पहिला मसुदा गुरुजींना दाखवला होता. तो दोन ताव होता. त्यात हात जोडणे व पाया पडणे फार होते. गुरुजींनी एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, असे सांगितले. दरड खालून खणली गेली, असे मी लिहिले होते. त्यांनी विचारले, "कोणी खणायला लावली?" खणायला लावणाऱ्या मुकादमाचे नाव मी घेतले नाही. आम्हाला त्याच मुकादमाच्या हाताखाली काम आहे. गुरुजी म्हणाले, "नाव लिहायचं का न्हाई, ते तू ठरव. पण कर्ताच न्हाई तर वाक्य उभं कसं राहील?"

घरी येऊन मी अर्ज नव्याने लिहिला. सात वाक्ये झाली. चौथ्या वाक्यात मुकादमाचे नाव आहे. आईला अर्थ सांगितला. तिने बराच वेळ विचार केला व नाव असू दे म्हणाली.

अर्ज मी पाठ केलेला असेल, असे वाटून फौजदार साहेबांनी मला कोरा कागद दिला व अर्जात नसलेले एक वाक्य लिहिण्यास सांगितले. पाणीही देण्यात आले. मी प्याले नाही. मी लिहिले, "आय वेण्ट टु ड्रिंक वॉटर."

साहेबांनी याचा खुलासा विचारला. खुलासा असा की, त्या दिवशी दरडीखाली आम्ही दोघी खणत होतो. मला तहान लागली. चुलती म्हणाली, "जा, पिऊन ये. तवर तुझं बी मी खणते." मी रांजणापाशी पोचले तेव्हा आवाज झाला. हे गुरुजींना माहीत नाही. घरीही सांगितलेले नाही. ती कामावर हजर होती, याची मी साक्षीदार आहे.

साहेबांनी वाक्याचा कागद जबाबास जोडला. मग त्यांनी जमादारास मुकादमाच्या तक्रारीतून गुरुजींचे नाव कमी करण्यास व उद्या तलावावर पंचनामा ठेवण्यास सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच बराबर लिहिला आहे. सोबत जोडलेले इंग्रजी वाक्य माझेच आहे. त्यात मला काही बदल करायचा नाही.