साक्षगंधातला हिरवा दाना

नाई, पन मी म्हनतो, एका रंगाच्या मांगं एवढ्या भानगडी असाव्या कायले जी? लाल आहे, पिवळा आहे, आपापल्या जागी गुमान बसून आहेत बिचारे! अन् हा इंग्रजीतला ग्रीन... बाप्पा बाप्पा बाप्पा! तुमाले सांगतो, जिंदगी गेली माझी तुमसरच्या धानाच्या बाजारात. गोपीचंद दलाल म्हना, कोनीबी दुकान दाखवून देईन. पोत्यात हात घातला, मूठभर धान तळहातावर चोळलं, फुंकर मारली, एक दाना दाताखाली... कट्! वाजला तं सुका, नाई वाजला तं हिरवा. हिरवा म्हनजे कच्चा, ओला, गिरनीत गेला तं भुगा. कास्तकार कितीबी गोड बोलो, चहा पाजो, माझं एकच उत्तर, "हिरवा आहे, वाळवून आना, मंग पाहू!" झोपेतबी हेच बोलतो म्हनते आमची कुंताबाई.

आता झालं असं का, आमच्या रिताचं जमून राह्यलं होतं. अड्याळच्या सोमाजीचा पोरगा, भुपेंद्र. पुन्याले कंपनीत. कास्तकाराचं घर, मानसं चांगली, अन् मेन म्हनजे पोरीच्या मनात भरला. फोनवर त्याच्याशी बोलताना अशी हासे का मले वाटे, हे माझीच पोरगी का, जे माझ्यावर सकाळपासून खेकसते? बापाले आनखी काय पाह्यजे जी? साक्षगंध, म्हनजे तुमचा साखरपुडा, ठरलं. अन् तिथून माझ्या मांगं हा ग्रीन लागला!

रिता म्हने, "बाबा, ते ग्रीन एनर्जीमधी आहेत. दर वाक्याले ग्रीन म्हनतात. तुम्ही आपले तोंड वासून बसान अन् माझी इज्जत जाईन! तेवढा एक शब्द शिकून घ्या."

म्हनलो, त्यात शिकाचं काय आहे? हिरवा म्हनजे हिरवा!

"तसं नाई बाबा. साहेबानं ग्रीन लाईट देल्ला म्हनजे होकार देल्ला." बरं, देल्ला. "अन् ग्रीन रूम म्हनजे नाटकवाले तोंड रंगवतात ते खोली." आता आली का पंचाईत! आमच्या मंडईत, म्हनजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दरसाल नाटक होते, मी सोता पडद्यामांगं चहा पोचवतो. निळी ताडपत्री आहे तिथं! राजा तिच्यातच मिशी चिकटवते अन् तिच्यातच घोरते. कुठं आहे हिरवा?

"हेवा वाटला का मानूस ग्रीन होते." मानूस? हिरवा? कावीळ झाली तं पिवळा होते, मी पाह्यला. पन हिरवा कवा होते जी? बाजूच्या यादोरावनं नवा ट्रॅक्टर आनला तवा मी जळलो, लपवत नाई, अस्सा जळलो! धावत जाऊन आरशात पाह्यलं... जसाचा तसा सावळा!

"नवशिक्या मानसाले ग्रीन म्हनतात." हे मातर पटलं! कच्चा दाना! मी खूष झालो, तं लगेच म्हने, "ज्याच्या हातानं झाडं चांगली उगवतात त्याचा अंगठा ग्रीन." म्हनजे पाहा, नुसता अंगठा ग्रीन तं हुशार, अन् पुरा मानूस ग्रीन तं बुद्दू! मंग हे हुशारी मनगटाशी सरते का कोपराशी? वरून ग्रीन टी आनून देल्ला. पिवळं पानी! ना दूध ना साखर! म्हनलो, पोरी, कप धुतल्याचं आनलं काय? अवो, हिरवा म्हनजे हिरवा!

आला साक्षगंधाचा दिवस. आंगनात मांडव, बँडवाले, पाहुने. जावई सुटात. मी मनात पाठ म्हनून राह्यलो... लाईट होकार, रूम नाटक, अंगठा हुशार... तं जावई मोबाईल दाखवून म्हने, "अंकल, आमचं ऑफिस ग्रीन बिल्डिंग आहे." पाह्यलं तं पांढरीफट! काचाच काचा! तुळशीचं एक रोपटं नाई! मी म्हनलो, "वा वा, काय हिरवीगार!" रितानं डोळ्यानंच शाबासकी देल्ली. जिंकलो ना जी!

अन् मंग ओटी. इहीनबाई, म्हनजे जावयाची माय, उषाबाई त्याईचं नाव, ताटभर तांदूळ घेऊन उठल्या. घरच्या वावरातले, नवे, घरीच कांडलेले, पोरीची ओटी भराले. ताट माझ्या पुढून चाल्लं. अन्... माझी चूक नाई! हा हात! हा हात आपोआप ताटात गेला! मूठ भरली, चोळलं, फुंकलं, इहीनबाईच्या शालूवर कोंडा उडाला, दाना दाताखाली... वाजलाच नाई! अन् तोंडातून मोठ्यानं, बाजारात निघते तसं निघालं, "हिरवा आहे! वाळवून आना, मंग पाहू!"

ढोलवाल्याची काडी हवेतच! कुंताबाईनं कपाळ धरलं. अन् रिताच्या डोळ्यात पानी. ते पाह्यलं अन् सावराले गेलो, सापडलं ते इंग्रजी फेकलं, "ग्रीन लाईट! ग्रीन रूम! ग्रीन अंगठा!"

सोमाजी उठले. लालबुंद. लाल म्हनजे लाल, तिथं काई शिकवनी लागत नाई! वाटलं, आता ताट उचलतात अन् गाडीत बसतात. तं त्याईनं चिमूट घेतली, दाना चावला. दुसरा चावला. अन् बायकोकडं वळून म्हने, "तुले म्हनलो होतो ना, आनखी वाळू दे?"

"अजी, तुम्हीच तं घाई केली! चाल चाल करून डोकं खाल्लं माझं!"

जुंपली ना दोघाईची भर मांडवात! शेवटी सोमाजी मले म्हने, "इवाई, तुमचं बराबर आहे. ओला दाना पोरीच्या ओटीत नाई पडाचा. वाळवू."

झालं! साक्षगंध थांबलं. स्लॅबवर चादर, चादरीवर तांदूळ, अन् सारे पाहुने भोवताल उनात, कोनाच्या मौतीले बसल्यासारखे. खाली जेवन थंड होऊन राह्यलं, बँडवाले घोरून राह्यले, अन् जावई सुटात, टाय खांद्यावर टाकून, काडी घेऊन चिमन्या हाकलून राह्यला! रिता त्याले पाहून खुदुखुदू हासून राह्यली. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात जावई घाम पुसत म्हने काय, "अंकल, मस्त! मशीन नाई, डिझेल नाई, फक्त ऊन! हे तं एकदम ग्रीन आहे!"

मी तांदळाकडं पाह्यलं. त्याच्याकडं पाह्यलं. अरे, ज्याचा हिरवेपना घालवाले आम्ही उनात करपून राह्यलो, तेच ग्रीन?

हात जोडले जी मी. म्हनलो, "हो जावईबापू, तुम्ही म्हनसान ते ग्रीन. पन त्या कोपऱ्यात चिमन्या बसल्या, त्या हाकला पयले!"