विहारातून आणलेल्या चटया

हॅलो?

…हो मावशी, मीच. वान. …नाही गं, झोपले नव्हते. खाली बादल्यांत कपडे भिजत घालत होते, फोन वर राहिला… बोल ना. आणि तू विहारात आहेस ना? आज वर्षावासाचा पहिला दिवस, तुम्ही सगळ्या अष्टशील घेऊन बसलेल्या, आणि फोन कसले करतेस?

…काय चावतंय?

…कुणाकुणाला?

…सगळ्यांना म्हणजे किती, मावशी? …अगं, थट्टा नाही करत. खरंच विचारतेय. …बरं. तीस-पस्तीस बायका. आणि पुरुषांकडे? …एकालाही नाही? …ते कशावर बसलेत? …फरशीवर ते कळलं, पण फरशीवर काय अंथरलंय? …लाल गालिचे. नेहमीचे.

…आणि बायका चटयांवर.

…नाही, काही नाही. आहे मी. ऐकतेय.

…घोट्यापाशी? एका ओळीत दोन-तीन ठिपके? …हो, मग डास नव्हेत. पिसवाच. …पकडलीस? कशाने? …कागदात! वा. मग? …सोडलीस? कुठे सोडलीस? …मंडपाच्या पायरीवर? अगं मावशी, ती तुझ्याआधी जागेवर येऊन बसली असेल! …हो, हो, माहितीय, शील घेतलंय, मारायचं नाही. तुला पाप कर म्हणून कोण सांगतंय?

…आई काय करतेय?

…पहिल्या रांगेत. …खाजवत नाही ना? …नाहीच खाजवणार ती. भंतेजींसमोर मेली तरी नाही खाजवणार.

…मला का विचारतेस पण? …हो, शिकले मी जीवशास्त्र, म्हणजे काय पिसवांची वैद्य झाले का? …बरं, ऐक. आत्ता काही फवारू नका. जेवण व्हायचंय अजून भंतेजींचं, चिकट भाताच्या टोपल्या उघड्या असतील. चटया हळूच गुंडाळायच्या, आतल्या बाजूला. झटकायच्या नाहीत तिथे. त्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालायच्या, तोंड बांधायचं. पुढचं… पुढचं कुणीतरी बघेल ज्याने शील घेतलेलं नाही.

…फरशी नुसती झाडून नाही भागत. फटी, कोपरे… व्हॅक्युमने ओढायचं. एकदा नाही, रोज. दोन-तीन आठवडे. …हो, रोज. कारण अंडी कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत गं, घरंगळून खाली पडतात. कुत्रं जिथे झोपेल तिथे. मग अळी, मग कोष. आणि कोषात पिसू नुसती बसून राहते. आठवडेच्या आठवडे. कुणीतरी ऊबदार येऊन बसेपर्यंत. जरा हादरा बसला, जरा श्वास लागला, की बाहेर. …सगळ्या एकदम, हो. म्हणून तर आज. बंद खोलीत गुंडाळून पडलेल्या, आणि आज तुम्ही पस्तीस जणी वर…

…मी बंद खोली म्हणाले का? …तूच म्हणालीस ना, चटया खोलीत होत्या. …बरं, नसशील म्हणाली.

…आमच्याकडे? आमच्याकडे कसं असणार… मावशी, थांब. थांब हं जरा. खांबावरचा भोंगा सुरू झालाय, मला दोन्हीकडून ऐकू येतंय. इंसोन काका आहेत का? सरपंचांचाच आवाज वाटतोय.

…काय म्हणाले ते? 'विहारातली कुत्री'… पुढचं? …गाडी? कसली गाडी? …जिल्ह्याहून? …आज? जेवणं झाली की लगेच?

…सगळी? …पण भंतेजी काही म्हणाले नाहीत? …डोळे मिटून बसलेत. हं. …काळीला पण? मावशी, बारा वर्षांची आहे ती. तिला जिना चढवत नाही. कोंडवाड्यात आठवडा तरी काढेल का ती?

…पोरं दोऱ्या घेऊन निघालीसुद्धा?

…पण ती मंडपात चढली कधी? तू बघितलंयस तिला वर कधी? पायऱ्यांना फाटक आहे, भंतेजी स्वतः कडी घालतात. आणि कुत्र्यांमुळे असत्या तर गालिच्यांवर नसत्या का? पुरुषांना का नाही चावल्या? …नाही, वकिली नाही करत. …नाही, तुझ्याशी भांडत नाहीये.

…मग कुणामुळे, विचारतेस.

मावशी, जरा उठून बाजूला येशील? …गुडघे दुखतात, माहितीय. तरी ये. …चिंचेखाली ये, स्वयंपाकघराच्या मागे. …आलीस? जवळ कुणी नाही ना? …भांडी घासणारी चालेल, तिला ऐकू येत नाही.

आजोबा गेल्याच्या शंभराव्या दिवशी, विधीला आपण विहारातून चटया आणल्या होत्या. तीस. …हो, परत मीच केल्या, हातगाडीवरून. आईनं सांगितलं होतं, झटक, दिवसभर उन्हात घाल, मग दे. …पाऊस होता, हो. आठवडाभर होता. पण एक दिवस चांगलं ऊन पडलं होतं, मावशी. त्या दिवशी मी कुत्र्याच्या पिल्लाला, खनुनला, आणायला गेले. …हो, बाजारातल्या भाजीवालीकडून. इतका पिवळा, सोललेल्या फणसाच्या गऱ्यासारखा, म्हणून तर नाव खनुन, फणसच. खोक्यात एकटाच उरला होता.

…मग काय. चटया घराखाली, खांबांच्या मधल्या जागेत रचलेल्या. तो त्या ढिगावर चढून झोपला. नऊ रात्री. मी हलवलं नाही. …मला गोड वाटत होतं गं! फोटो काढले. तुला नव्हता का पाठवला? तू उत्तरात कमळाचं चित्र पाठवलंस. …तोच. बघ त्यात. त्याच्या पोटाखाली निळी किनार दिसेल. विहाराची.

…दिसली?

…हो, तीच किनार.

…नाही, तेव्हा नव्हतं माहीत. शप्पथ. दहाव्या दिवशी भंतेजींचा निरोप आला, वर्षावास जवळ आला, चटया आणून द्या. मी गुंडाळल्या आणि नेल्या. भंतेजी दारातच होते. त्यांनी विचारलं, ऊन दाखवलंस ना पोरी? …मी म्हणाले, हो.

…हात जोडून म्हणाले.

…कधी कळलं? चार दिवसांनी. आईच्या पायांवर ठिपके आले. तिला वाटलं मुंग्या. मी पांढरे मोजे घातले आणि सगळ्या घरातून चालले, मोज्यांवर उड्या मारतात, काळ्या दिसतात. चौदा मोजल्या. …त्या दिवसापासून चाललंय माझं. अंथरुणं उकळत्या पाण्यात, फळ्यांच्या फटी रोज व्हॅक्युमने, खनुनच्या मानेवर औषध, दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं ताट. वहीत रोजचा आकडा लिहिते. चौदा, अकरा, मग मधे एकदम एकोणीस, मग सात… आज सकाळी दोन. …हो, घर सुधारतंय. घराचं सगळं केलं मी.

…विहाराचं नाही केलं.

…का म्हणजे? काय सांगू. वाटलं, खोलीला कुलूप आहे, खायला काही नाही, मरतील. …नाही. थांब. खोटं नको आता तुझ्याशी. मला माहीत होतं की मरत नाहीत. चियांग माईच्या कॉलेजात परीक्षेत लिहिलंय मी हे. कोषाची आकृतीसुद्धा काढली होती. पैकीच्या पैकी मिळाले होते.

…रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगते. त्या बाजूला गेले की फाटकापर्यंत जायचे. काळी शेपटी हलवत यायची, मी तिला बिस्कीट टाकून परत फिरायचे.

…रडत नाहीये.

…बरं, रडतेय. तू बोल.

…काय? …नको, मावशी. …अगं नको ना. …हो, आईची इज्जत, कळतंय मला. 'स्वच्छतेत तिचा हात कुणी धरू शकत नाही' असं सगळे म्हणतात, कळतंय. …तू गप्प बसशील, मान्य. आणि गप्प बसलं की शील मोडत नाही, हेही तू म्हणतेस म्हणून मान्य. पण मी सतरा दिवस गप्पच बसलेय ना? मी तर कसलं शीलही घेतलेलं नव्हतं, तरी बघ काय झालंय.

…'कुत्री काय, कुणाचीच नाहीत.' हे तू बोलतेस? काळीची पिल्लं तू वाढवलीस ना कांजी पाजून?

…हं. …नको माफी मागूस. तू कुठे काय केलंयस.

इंसोन काकांना फोन दे. …आत्ता. …घोषणा चालू आहे? म्हणजे माईकपाशीच आहेत ना. बरंच झालं. …चाल तू. हळू चाल, गुडघा सांभाळ. मी आहे फोनवर.

…पोचलीस? …दे.

काका, नमस्कार. वान बोलतेय, सोमचिनची मुलगी. …हो, बुआखाम मावशीच्या फोनवरून. …काका, गाडीला नको म्हणून सांगा. पिसवा कुत्र्यांच्या नाहीत, आमच्या घरच्या आहेत. चटयांमधून आल्या. …हो, मी आणलेल्या चटयांमधून. उन्हात घातल्या नव्हत्या मी. …नाही काका, आईनं सांगितलं होतं. मी घातल्या नाहीत.

…संध्याकाळी येऊन कसं सांगू? पोरं दोऱ्या घेऊन निघालीत ना? …त्यांना कोण थांबवणार आता, ती तर पार तळ्यापर्यंत पोचली असतील. …मग भोंग्यावरूनच सांगा ना. भोंग्यावरून सांगितलं होतंत, भोंग्यावरून फिरवा. …तुम्ही नाही सांगणार? …हो, कुणाच्या घरची अब्रू तुम्ही माईकवर कशी काढणार. बरोबर आहे तुमचं.

मग फोन धरा माईकला. मी सांगते.

…आईला विचारून? …नाही, तिला आधी नाही सांगत. तिला आधी सांगितलं तर ती उठून म्हणेल, मीच विसरले ऊन दाखवायला. तुम्हाला माहितीय ना ती कशी आहे. म्हणून म्हणते, आधी मला बोलू द्या.

…धरलात?

…हॅलो? …हॅलो. अरे बापरे. माझाच आवाज खिडकीतून येतोय, मागाहून येतोय…

मी वान. बांबूच्या कुंपणाचं घर, सोमचिनची मुलगी. विहारातल्या कुत्र्यांना पकडू नका. काळीला सोडा, कुणी बांधली असेल तर सोडा. पिसवा आमच्या घरून आल्यात. माझं पिल्लू विहाराच्या चटयांवर झोपत होतं. मला उन्हात घाल म्हणून सांगितलं होतं, मी घातल्या नाहीत. भंतेजींनी विचारलं, तेव्हा घातल्या म्हणाले. नंतर मला पिसवांचं कळलं, तरी मी आले नाही. आईला यातलं काही माहीत नव्हतं. भंतेजी, मला क्षमा करा. मावश्यांनो, आज्यांनो, तुम्ही सकाळपासून बसलात, मला… मला क्षमा करा. चटया हळूच आतल्या बाजूला गुंडाळा आणि तशाच ठेवा. न्यायला मी येते. तुम्ही कुणी मारू नका, मी बघेन.

एवढंच.

…हॅलो? काका? बंद केलात माईक?

…ऐकू गेलं का सगळीकडे? …तळ्यापर्यंत? …पोरं? …बसली का? अशीच, दोऱ्या टाकून? आणि काळी? …बरं. बरं.

…भंतेजी काय म्हणाले? …मंत्र सुरू केले परत. हं.

…कोण? …द्या.

…

आई.

…हो.

…हो, आई.

…सगळं खरं.

…नाही, मावशीला आत्ताच सांगितलं. तिला नव्हतं माहीत.

…तीस. …तीसच्या तीस घेऊन येईन. हातगाडी आहे. …पिशव्या आहेत. …उकळतं पाणी ठेवते चुलीवर, मग निघते. …वाळल्या की मीच आणून देईन. दोन दिवस ऊन दाखवून. …तीन. बरं, तीन.

…तुला खूप चावल्या का गं?

…नको सांगूस. बरं.

…तळ्याच्या मागच्या वाटेनंच येणार होते. जरा कमी लोक भेटतात म्हणून…

…

…हो. बाजारातून येते. समोरच्या फाटकातून. …हो, मान वर करून. ठेवते.