म्हशीच्या तोंडावरचा डबा

"गरमी कुठंतरी टाकावीच लागते, काका" म्हनते! अरे टाक ना बे, तुह्या बापाच्या ताटात टाक, माह्या म्हशीच्या तोंडावर काहून टाकतं? ...थांबा जानराव, चहा राहू द्या गाळाचा, आयका आधी. तुमीई आयका सारे, फुकटचे बसलेच हाये बाकावर!

हे शेजारच्या खुशालरावचं पोट्टं, कुंदन, बंगलोरच्या कंपनीत हाये, सध्या घरूनच काम करते म्हनते, अन् आपल्या मूर्तिजापुराकडचं ऊन तं तुमाले सांगाले नको, तं साहेबानं खोलीत एसी बसवला, बसव बापा, माहं काय जाते, पन त्याचा बाहेरचा डबा, तो गरम फुकारे मारनारा, तो कुठं ठोकला? गल्लीत! माह्या ढोराच्या कोठ्यासमोर! अन् आत म्हैस नुकतीच व्यालेली. दिसभर भट्टीवानी झळा नाकावर, म्हैस बसतच नाई, उभ्या उभ्या फुसफुस करते, दूध चोरते, पान्हाच सोडत नाई, तिची वगार बिचारी ढुशा मारू मारू थकली, काल तं मान टाकून पडली. कापूस गेला तेल लावत, घर उभं हाये त्या म्हशीवर, अन् तिचीच अशी गत!

गेलो सांगाले. तं कुंदन काय म्हनते? "काका, बसा ना. माझं कामच हे आहे, थंड करायचं." काय थंड करतं बे? "क्युबिट." आता हे काय, तं मोबाईलात झुंबर दाखवलं, सोन्यावानी, उलटं लटकलेलं, नव्या जातीचं कॉम्प्युटर म्हनते, अन् त्याच्या बुडाशी तो क्युबिट, डोयाले दिसत नाई एवढा! "नवा हिशोब मांडण्याआधी त्याला शून्यावर बसवावं लागतं काका. जराशी गरमी लागली तरी उठून उभा राहतो, मग सगळंच बिघडतं. म्हणून चांदण्यांमधल्या पोकळीपेक्षाही थंड ठेवतो."

अरे भयताडा! न दिसनारा कन गरमीनं उठला ते तुले समजते, अन् चार हातावर एवढी मोठी काईकुट्ट म्हैस उठली ते दिसत नाई?

म्हनलं, मंग त्याची गरमी जाते कुठं? "शेजारच्या क्युबिटात ढकलतो. तो तापतो, हा थंड होतो." घ्या! हे शिकाले बंगलोरले जा लागते? आमच्या भावकीत दुसरं काय चालते? "आणि जुना हिशोब पुसला की थोडी गरमी निघतेच काका, नियमच आहे." कोनं केला नियम? ग्रामसभेत ठराव झाला? सह्या कोनाच्या हाये? "निसर्गाचा नियम! गरमी कुठंतरी टाकावीच लागते!" आलं फिरून तिथंच! अन् खुशालराव मांगं उभा राहून मान डोलवते, पोट्टं जसं कीर्तन करून रायलं!

अन् एवढं झुंबर बांधून, एवढा खटाटोप करून, "पूर्ण शून्य कधीच गाठता येत नाही, काका." म्हनलं ये, बोंडअळी येऊन गेल्यावर माह्या वावरात ये, पुरं शून्य दाखवतो तुले, झुंबर बी नाई लागत!

मंग सरळ म्हनलं, डबा फिरव. तं म्हनते, "मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येईल अकोल्याहून. तोवर म्हैस हलवा ना." म्हैस हलवा! कन हलू नाई म्हनून सोन्याचं झुंबर, अन् बाळंतीन म्हैस उन्हात हलवा! दुसरी सावली हाये कुठं माह्याकडं? अन् वगारीनं काय अकोल्याच्या मेकॅनिकची वाट पाहाची?

तवा मेकॅनिक गेला खड्ड्यात, डबा आपन फिरवाचा, आत्ताच. फिरवला तं तोंड कुनीकडं येईल? हे... इकडं. जानराव, तुमच्या टपरीवर. या बाकावर.

काहून? मांगं काहून सरकले सारे? आत्तालोक तं दात काढून रायले होते! मले काय हौस हाये तुमाले भाजाची? आता काय करता, गरमी कुठंतरी टाकावीच लागते. तुमाले तरी उठून दुसरीकडं बसता येते, वगारीले उठता येत नाई.

उठा जानराव, पाना घ्या.