चालकाशी बोलू नये

ताई: टोपी किती पिळाल हो? बिचारीची पार चिंधी झाली. पाणी घ्या.

वडील: हातात स्टेअरिंग नसलं की या हातांचं काय करावं तेच कळत नाही, ताई. शाळेत नेहमी बबडीची आई येते. मी पहिल्यांदाच.

ताई: तीन वर्षांत पहिल्यांदाच. असू द्या, आलात ते बरं झालं. विशेष वर्गातल्या मुलांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं काम. बबडीच्या आईनं वहीत लिहिलंय, नऊ दिवस पोरगी तुमच्याशी अवाक्षर बोललेली नाही. घरी काय झालं?

वडील: काही नाही. रुसली असेल. पोरीची जात, रुसणारच.

ताई: बबडीला रुसता येत नाही. राग आला की ती चमचा फेकते आणि मोकळी होते. काल माझे पांढरे केस मोजून दाखवले तिनं, सगळ्यांसमोर. बोलायचं थांबलंय ते फक्त तुमच्याशी. तुम्ही दिसलात की तोंडावर हात ठेवते ना?

वडील: दोन्ही हात. घट्ट. जेवतानासुद्धा मी उठेपर्यंत काढत नाही.

ताई: मी कारण विचारलं. म्हणाली, "नियम आहे." कोणी घातला हा नियम?

वडील: (टोपी पुन्हा पिळत) ते सोडा ना, ताई.

ताई: मारलंत का तिला?

वडील: नाही हो! बोटसुद्धा लावलं नाही कधी. त्याहून वाईट केलं मी.

ताई: सांगा.

वडील: तुमच्या वर्गानं बसची सहल काढली होती.

ताई: सहल नाही, धडा होता तो. तिकीट मागायचं, जागेवर बसायचं, आपला थांबा आला की घंटा दाबायची. मी रजेवर होते, शाळेतल्या मावशी मुलांना घेऊन गेल्या होत्या.

वडील: ती बस माझी होती.

ताई: तुमची?

वडील: मला माहीत नव्हतं. दार उघडलं, पोरं चढली आणि हिनं मला बघितलं. कधी ओरडत नाही एवढ्या मोठ्यानं ओरडली, "बाबा!" उड्या मारत होती, हात उडवत होती. पुढच्या सीटवर आमच्या डेपोतले दोघं बसले होते, ड्युटी संपवून घरी निघालेले. त्यांना मी... काय सांगू. माझी मुलगी वर्गात पहिली येते, कविता तोंडपाठ म्हणते, असं मी चार वर्षं सांगत आलोय. चहाच्या वेळी सगळे आपापल्या पोरांचं सांगतात. मग मीही सांगायचो. रोज थोडं थोडं.

ताई: मग त्या दिवशी?

वडील: त्या दोघांपैकी एकानं विचारलं, कोण रे ही? मी म्हटलं, काय माहीत, शाळेची पोरं दिसतात. आणि हिच्याकडे न बघता वरच्या पाटीवर बोट ठेवलं. म्हटलं, वाच. चालकाशी बोलू नये. जा, बस तिकडे. ताई, ती गेली. रडली असती तरी चाललं असतं. ती पाटी वाचत वाचत गेली आणि गुपचूप बसली.

ताई: थांबा जरा. ही फाईल... अरे देवा.

वडील: काय झालं?

ताई: मावशींनी मला येऊन सांगितलं, बबडी एका ड्रायव्हरला बाबा म्हणाली. मी इथे लिहिलं, "अनोळखी पुरुषांना वडील समजते." आणि आठवडाभर आम्ही तिचा सराव घेतोय. बसचं चित्र दाखवायचं, ड्रायव्हरवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे कोण? बाबा म्हणाली की मान हलवून नाही म्हणायचं. चार दिवस ती बाबाच म्हणत होती. पाचव्या दिवशी "चालक" म्हणाली. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

वडील: तुमचा काय दोष? तुम्हाला कुठे ठाऊक होतं?

ताई: तिच्या बाबांचं काम काय, हे तीन वर्षांत मी विचारलंच नाही. लाज वाटते मला.

वडील: लाज माझी आहे, ताई. ती तरी मला एकट्याला राहू द्या. आता काय करू? घरी शंभरदा सांगितलं, बोल गं. ऐकत नाही.

ताई: घरी नाही ऐकणार. ती नियम जिथे शिकते, तिथेच तो बदलावा लागतो. उद्या सकाळी आमचा वर्ग पुन्हा निघणार आहे. तुमचीच बस, तोच थांबा.

वडील: मी ड्युटी बदलून घेतली आहे उद्याची.

ताई: का?

वडील: का ते तुम्हाला माहीतच आहे.

ताई: परत बदलून मिळेल?

वडील: ज्याच्याशी बदलली तो त्या दोघांतलाच. कारण विचारेल.

ताई: विचारू दे.

(दुसऱ्या दिवशी सकाळ. बस थांब्यावर उभी, पुढचं दार उघडं. दारात ताई आणि मुलं, पुढच्या सीटवर ड्युटी बदलून देणारा तो सहकारी.)

सहकारी: अरे, बदललेली ड्युटी परत का मागून घेतलीस? आणि ही तीच ना, त्या दिवशीची? तोंडावर हात ठेवून उभी आहे बघ.

वडील: माझी मुलगी आहे.

सहकारी: ही? मग ती कविता म्हणणारी?

वडील: ती मी रचलेली. मला एकच मुलगी आहे, ती ही. त्या दिवशी मी तिला ओळख दाखवली नाही. बबडे, इकडे बघ. पाटी पुन्हा वाच. पूर्ण वाच.

बबडी: गाडी... चालू असताना... चालकाशी बोलू नये.

वडील: गाडी बंद आहे ना? बघ, किल्ली काढली. आता सांग, मी कोण?

बबडी: चालक.

वडील: आणखी?

बबडी: ताई, टाळ्या नको. बाबा.

वडील: हो गं. चुकलो मी. फार चुकलो.

बबडी: बाबा, लोक थांबलेत. किल्ली लावा. आता बोलू नका.