सकाळची मशीन

मागच्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, माझे सासरे पलंगावरून उठता उठता खाली पडले. साखर उतरली होती. इन्सुलिन घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यात हे दुसऱ्यांदा झालं.

मी शारदा. जन्म सरगूरचा, आम्ही शिंपी, घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड, आणि भांडताना दोन्ही. लग्न होऊन मैसूरला आले तेव्हा मामंजींनी मला काय विचारलं असेल, सांगा बघू. स्वयंपाक येतो का, हे नाही विचारलं, काज करता येतं का विचारलं. पुढे माझे मालक वारले, सगळे म्हणाले पोरी आता माहेरी जा, तर मामंजी म्हणाले, मग मशीन कोण चालवणार, बस इथेच. बसले. अजून बसलेय. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशीच मशीन आहे, ती मी काय, तेही डोळे मिटून ओळखतील.

आमच्यात एकादशीला टाका घालत नाहीत. विठोबाचा दिवस, दिवसभर मशीन बंद, अन्न नाही, आणि उपास आहे असं तोंडानं म्हणायचंही नाही, म्हटलं की त्याचं फळ जातं. माहेरीही हेच होतं, इथेही हेच.

तर काय सांगत होते? हां, मामंजींचं विसरणं वाढलं. मला कधी सूनबाई म्हणत, कधी त्यांची बहीण समजत. नणंद, सुधावन्सं, पुण्याला नोकरीत. त्यांना येणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी इथली एक केअर मॅनेजर ठरवली. डॉक्टर, औषधं, सुई टोचायला नर्स, सगळं ती जुळवणार आणि पुण्याला कळवणार. रूपा मॅडम. अय्यो, मला तर घरात सुपरवायझर आल्यासारखं झालं. पण बाई कामाला चोख, खोटं कशाला बोलू. मामंजींना ती ताता, म्हणजे आजोबा, म्हणायची. आल्या आल्या म्हणाली, अक्का, ताता रात्री झोपत नाहीत, सकाळी मशीनच्या आवाजानं दचकतात, दुपारपर्यंत ती बंद ठेवा. आणि खाताना त्यांच्यासमोर उभं राहू नका, माणसाला संकोच होतो, आपल्या हातानं खाऊ द्या. मी म्हटलं सरी, बरं. मग रोज नर्स यायची, टोचून जायची, मी तिंडीची, म्हणजे न्याहारीची, थाळी ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि थाळी रिकामी परत यायची.

आणि ते पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा वन्संचा फोन आला, वहिनी, इंजेक्शननंतर अप्पांना खायला देतेस ना वेळेवर? मी म्हटलं नाही देत, उपाशी बांधून ठेवते मशीनला. म्हटलं आणि मग मलाच रडू आलं. त्या म्हणाल्या, येलवालच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, जागा आहे, रूपा मॅडम हो म्हणाल्या की शनिवारी नेऊ. म्हणजे सगळं तिच्या एका शब्दावर. ज्या माणसानं मला बस इथेच म्हटलं, त्यांची पिशवी मी भरायची? भरली नाही. पण पिशवी काढून ठेवली, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपा मॅडम नर्सच्या आधी आली. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीचं इंजेक्शन तिनं थांबवलं होतं. मला म्हणाली, थाळी रोजच्यासारखी ठेवा आणि इकडे या. आम्ही दोघी पडद्याआड उभ्या. मला वाटलं, ही माझ्यावरच पहारा ठेवतेय. मामंजींनी इडली हातात घेतली, मशीनकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि उशाशी चिंध्यांचं गाठोडं होतं त्यात इडली सरकवली. दुसरीही.

ती जाऊन त्यांच्याजवळ बसली, कन्नडमध्ये विचारलं, ताता, का खात नाही? ते मराठीत बोलले, तेही दबक्या आवाजात, मशीन बंद आहे ना? मग? गप्प बस, बोलू नये.

काय म्हणाले, तिनं मला विचारलं. त्यांच्या हिशेबी रोज एकादशी होती हो! दुपारी मशीन सुरू झाली की सकाळचं विसरत आणि जेवत. सगळं समजावलं तेव्हा ती म्हणाली, अक्का, मशीन मीच बंद करायला लावली. चालवा.

मी एका फ्रॉकची दुमड शिवायला घेतली. चार बोटं शिवली असेल नसेल, मागून आवाज आला, टाका ओढतेस, दाब सैल कर. आणि थाळी? थाळीत काहीच नाही, चटणी तरी दे! मी हसू की रडू, सांगा.

मॅडमनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. चूक माझी आहे, वहिनींची नाही, ताता घरीच बरे आहेत, असं म्हणाली. वन्संनी विचारलं, पण खरी एकादशी येईल तेव्हा? मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. इन्सुलिन आहे तोवर उपास नाही. मामंजींना हे कोण सांगणार? मी नाही. मॅडमही म्हणाली, माझ्यानं नाही होणार.

पिशवी परत माळ्यावर टाकली. मॅडम अजून येते, आता येताना आमच्याकडची तिंडी खाऊनच जाते.

कालही एकादशी होती. सकाळी नर्स येऊन गेली. मी सुईतला दोरा काढला, मशीनवर बसले आणि नुसतीच चालवली. मामंजींनी दोन इडल्या खाल्ल्या. माझा उपास होता.