चौसष्ट बाटल्या

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, लगेच उत्तर देणाऱ्यांची मला भीती वाटते. प्रश्न असा — जे आपण "पुढं लागेल" म्हणून जपून ठेवतो, ते पुढं नक्की लागतं कुणाला?

हां! लगेच माना खाली गेल्या. असू द्या. आख्यान ऐका.

आख्यान पुराणातलं नाही, आपल्याच बाजारपेठेतलं आहे. हेमांगी फडतरे — मेडिकलचं दुकान आहे तिचं, माझ्या बीपीच्या गोळ्या तिथूनच येतात. वय छत्तीस, पण दुकानात काय दरारा! "बुवा, डोस अर्धवट सोडायचा नाही. औषध कपाटात ठेवून गुण येत नाही, पोटात जावं लागतं." मला, कीर्तनकाराला, उपदेश! मी मुकाट ऐकून घेतो. गोळ्या तिच्या हातात असतात ना.

दुपारी एक ते चार दुकान बंद. त्या तीन तासांत ही बाई दुकानामागच्या घरात काय करते? वामकुक्षी? छे! राक्षस मारते.

हसू नका. व्हिडिओ गेम! पडद्यावर एक अख्खं जग असतं. डोंगर, नद्या, गावं, जादूगार. आपण त्यातला एक वीर. वाट्टेल तिकडे जा, "कुठं निघालास, कधी येणार" असं कुणी विचारत नाही. — काय पेटीवाले, आवडलं ना हे जग? पत्ता नंतर देतो.

तर हेमांगी खेळायची आणि शेजारच्या खुर्चीत तिचे वडील बसायचे. नाना. तालुक्याच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. नानांना खेळ कळायचा नाही, पण त्यातला एक म्हातारा लाकूडतोड्या फार आवडायचा. हातात कंदील घेऊन वीराच्या पुढं चालणारा. खेळात त्याचं नाव काहीतरी भलतंच लांबलचक होतं. नानांनी त्याचं बारसं केलं — सखाराम!

आता ऐका. खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं, "पुढचा भाग काढतोय. खेळणाऱ्यांनो, काय काय हवं ते दिवाळीपर्यंत लिहून पाठवा." हेमांगीनं पॅड घेतलं आणि सुरू! डोंगर दिसला की त्यावर चढता आलं पाहिजे. घराचं दार नुसतं रंगवलेलं नको, उघडलं पाहिजे. घोडा झाडात अडकता कामा नये. गावातल्या माणसांनी रोज तेच वाक्य बोलू नये. — हे शेवटचं आपल्याही घरी लागू करता येईल का, विचारून बघा. — अशा चाळीस मागण्या! नवसाची यादी सुद्धा एवढी नसते. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित — "पिशवी मोठी करा."

का? तर पिशवीत औषधाच्या बाटल्या मावेनात. एक बाटली पाजली की मरणारा उठून बसतो, असं औषध. हेमांगीनं चौसष्ट जमवल्या होत्या. वापरल्या किती? शून्य! शेवटच्या लढाईला लागतील म्हणून.

नाना म्हणाले, "माझी पण एक मागणी लिही. त्या सखारामला कुठंतरी बसू दे. दोन महिने चालतोय बिचारा."

"नाना, तो खोटा आहे."

"पाय दुखत असतील ना पण?"

तिनं नाही लिहिली. आणि चारच दिवसांनी बर्फाची खिंड आली. लांडग्यांनी घेरलं, सखाराम पडला. पडद्यावर अक्षरं — औषध द्यायचं? होय की नाही?

"दे गं," नाना म्हणाले.

"थांबा हो. एवढी जखम आपोआप भरते."

तिनं "नाही" दाबलं. जखम भरली नाही. सखाराम गेला, कंदील बर्फात विझला. आणि हा खेळ असा निष्ठुर की हरलेली लढाई पुन्हा लढता येते, पण गेलेला माणूस परत आणता येत नाही, तो हवा तर पहिल्यापासून खेळायचं.

नाना उठले. दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "उद्या मी पडलो, तर दुकानातलं औषध देशील ना? की ठेवशील?"

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी. हेमांगी एकटी खेळली. शेवटची लढाई आली, जिंकली. उड्या मारत वळली — "नाना, बघा!" — बघायला कोण? बाटल्या लागल्या तीन. उरल्या एकसष्ट. खेळ संपला, पिशवी आपोआप रिकामी झाली.

बाहेर व्हरांड्यात नाना घेवडा निवडत होते. "जिंकलीस?"

"हो."

"किती उरल्या?"

तिला आकडा सांगवेना. रडू आलं हो तिला! रोज शंभर लोकांना औषध देणारी बाई. म्हणाली, "नाना, परत पहिल्यापासून खेळू या. पण या वेळी बाटल्या तुमच्याकडे."

झालं! नाना खुर्चीत. मंडळी, त्या माणसानं काय दानधर्म मांडला म्हणता! पुलावर कुणी खोकलं — दे बाटली. वेशीवरचा पहारेकरी लंगडला — दे बाटली. एक शेळी पडली होती.

"नाना, ती शेळी आहे! तिचं गोष्टीत काही कामच नाही!"

"हे तिला माहीत आहे का? दे."

असं करत बर्फाची खिंड आली. लांडगे आले. सखाराम पडला. औषध द्यायचं? हेमांगीनं "होय" दाबलं. पिशवी रिकामी! एकही बाटली नाही. सगळ्या वाटेत वाटून झालेल्या.

तुम्हाला वाटलं असेल, आता ती शेळी बाटली घेऊन धावत येणार. नाही आली. सखाराम गेला. दुसऱ्यांदा गेला.

हेमांगीची मान वळेना. खुर्ची पुन्हा रिकामी झाली असेल तर? शेवटी हळूच बघितलं. नाना बसलेले होते. डोळे भरलेले, पण बसलेले.

"नाना, वाचवता नाही आलं."

नाना म्हणाले, "गेल्या वेळी तो गेला तेव्हा आपल्याकडे चौसष्ट होत्या. आज एकही नाही. आज मला त्याच्याकडे बघवतंय गं. चल पुढं."

शेवटची लढाई दोघं आजवर अकरा वेळा हरली आहेत. परवा गोळ्या आणायला गेलो, तर शटर अर्धं खाली आणि आतून बापलेकीचा आरडाओरडा — "मारा नाना, मारा!" मी परत फिरलो. बीपी थांबू शकतं.

आणि ती यादी? चाळीस मागण्या खोडल्या. दोनच पाठवल्या. म्हाताऱ्याला बसायला एक दगड द्या. आणि पिशवी लहान करा. कंपनी ऐकते का बघू. वरच्या कंपनीचा आपला अनुभव आहेच.

आता तुमच्याकडे वळतो. कुणाकुणाच्या शोकेसमध्ये कपांचा नवा सेट आहे? हात वर करू नका, चेहऱ्यांवर दिसतोय. पाहुण्यांसाठी, नाही का? घरच्यांना कान तुटलेला!

कपांचं सोडा. चांगला शब्द किती साठवलाय? मुलाला "शाब्बास" म्हणायचं राहिलंय, शेफारेल म्हणून. बायकोला "आमटी छान झाली" म्हणायचं राहिलंय, उगाच सवय लागेल म्हणून. भावाशी बोलायचं राहिलंय, आधी त्यानं बोलावं म्हणून. आणि मग एक दिवस शोकसभेत उभे राहतो आपण, आणि काय बोलतो हो! प्रेम काय, माया काय, एकामागून एक नुसत्या बाटल्या फोडतो. आणि ज्याला पाजायच्या, तो भिंतीवर. हार घालून.

माझी सेवा संपली. आरतीचं तबक तयार होतंय, पाच मिनिटं आहेत. शेजारी आपलं कुणी बसलं असेल, तर राखून ठेवलेलं ते एक वाक्य आत्ताच सांगून टाका. संकोच करू नका. मी डोळे मिटून बसतो, आणि आरती सुरू करा म्हणून तुम्हीच सांगा.