यादीतली गंगूबाई

चहा घेता घेता ऐका, कारण हे मी घरी कधी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मतदानाआधी मतदारांच्या याद्या करायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. बाईचं स्वतःचं नाव हवं, ‘अमक्याची बायको’ लिहिलं तर कटणार, असा हुकूम होता. राणीसावरगावाजवळच्या एका घरी बाईचं नाव विचारलं, तर नवराच म्हणाला, “लिवा, गंगूबाई.”

दाराआडून बायको बोलली, “गंगूबाई हिरीत गेली, गुर्जी. तीन सालं झाली.”

मग ती पुढं आली आणि गळ्यातला चांदीचा टाक दाखवला. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं घालायची आपल्याकडं रीतच आहे. “ही गंगूबाई,” ती म्हणाली.

“मग तुमचं नाव?”

“मालकांनी तेच ठिवलं. तोंडात बसलेलं हाय म्हणले.”

नवरा हसला. “लिवा की गुर्जी. काय बिघडायलंय?”

माझं डोकंच फिरलं. “माहेरचं नाव सांगा, बाई. तेच लिहितो.”

ती टाक चाचपत म्हणाली, “याद करायलेय.”

शेवटी मी गंगूबाईच लिहिलं.

मतदानाच्या दिवशी टेबलावर मीच होतो. रांगेत शेवटची ती एकटीच उरली होती. मी पुकारलं, “गंगूबाई.”

टाक मुठीत धरून ती एक पाऊल बाजूला सरकली आणि मागच्या रिकाम्या जागेकडं बघत म्हणाली, “जा अक्का, आधी तुमी.”